पावसाळ्याआधी टायर: पिकअपच्या मापांची वही

माझी पिकअप नारायणगावहून वाशी मार्केटला भाजीपाला नेते. सीझनला टोमॅटो, एरवी कोबी, फ्लॉवर, काकडी. माल घरचा आणि भावकीतला, गाडी स्वतःची, चालवणाराही मीच. रस्ता ठरलेला आहे: आळेफाटा, ओतूर, मढ, माळशेज घाट, टोकावडे, मुरबाड, कल्याण, शिळफाटा, वाशी. भरलेली गाडी रात्री घाट उतरते आणि दुसऱ्या दिवशी रिकामी घाट चढते. टायर कुठे झिजणार आणि कधी बदलावे लागणार, हे बरंचसं या जाण्यायेण्यातच ठरतं.

गाडी मी २०२४ च्या दसऱ्याला जुनी घेतली. इंजिन, क्लच, पाटे (चाकांवरच्या पट्ट्यांच्या स्प्रिंगा) सगळं मिस्त्रीला दाखवून घेतलं होतं. टायरांबद्दल विकणाऱ्याचं म्हणणं एवढंच होतं, "अजून वर्ष आरामात काढतील." पण कुठल्या रस्त्यावरचं वर्ष, किती किलोमीटरचं? मी आयटीआयला फिटर ट्रेड केलेला माणूस. मापाशिवाय सांगितलेल्या गोष्टीवर माझं समाधान होत नाही, आणि घाटात उतरणाऱ्या गाडीच्या टायरबाबत तर होऊच नये. म्हणून त्या दिवाळीपासून टायरांची वही घातली.

आधी टायरच्या साइडवॉल वाचून काढल्या. त्यावर एका लंबगोलात चार आकडे असतात. पहिले दोन आठवडा, पुढचे दोन वर्ष. माझ्या मागच्या जोडीवर ४०२३ होतं, म्हणजे २०२३ सालचा चाळिसावा आठवडा. पुढच्या जोडीवर १२२३. आणि स्टेपनीवर ३३१६! नक्षी जवळपास नव्यासारखी, पण आठ वर्षं गाडीखाली लटकून रबर कडक झालेलं, साइडवॉलवर बोटाने जरा ताण दिला की बारीक भेगा उघडायच्या. हा टायर कधी रस्त्यावर आलाच नव्हता, तरी संपलेला होता. पाच वर्षांनंतर टायर दरवर्षी नीट तपासावा आणि दहा वर्षांपुढे नक्षी शिल्लक असली तरी वापरू नये, असं टायर बनवणाऱ्या कंपन्या सांगतात. भेगा दिसल्यावर मात्र दहा वर्षांची वाट बघण्यात अर्थ नसतो.

त्याच साइडवॉलवर भार दाखवणारा आकडा असतो. १०६ असेल तर एका टायरवर ९५० किलो, ११२ असेल तर १,१२० किलो. पिकअपच्या टायरवर असे दोन आकडे तिरप्या रेघेने लिहिलेले असतात. पहिला एका बाजूला एकच चाक असेल तेव्हाचा, दुसरा जोडचाकांचा. माझ्या गाडीला मागे एकेकच चाक आहे, त्यामुळे पहिला आकडा धरायचा. आमच्याकडे टोमॅटोचं क्रेट वीस किलोचं भरतं, शिवाय रिकाम्या क्रेटचं वजन वेगळं. गाडीवर अजून किती क्रेट बसतात यापेक्षा मागच्या दोन टायरांवर किती किलो पडतात, हे काट्यावर एकदा बघून ठेवलं की पुढचे बरेच वाद मिटतात. मी भरलेल्या गाडीची मागची दोन चाकं तेवढी काट्यावर घेऊन वजन केलं आणि ते वहीच्या पहिल्या पानावर लिहिलं.

मापं अमावास्येला घ्यायची असं ठरवलं. त्या सकाळी गाडी धुतली जाते, लिंबू-मिरची बदलते, नारळ फुटतो. गाडी उभीच असते, टायर थंड असतात आणि नक्षीतला चिखल गेलेला असतो. महिन्याचा हिशेब आपोआप जमतो, तारीख लक्षात ठेवावी लागत नाही.

माप घ्यायला खास गेज मिळतं, स्वस्तही असतं. माझ्याकडे ट्रेडमधलं व्हर्नियर होतं. त्याच्या शेपटाला जी बारीक खोली मोजायची पट्टी बाहेर येते, तीच वापरतो. आधी स्क्रू ड्रायव्हरने खाचेतले खडे काढायचे. मग व्हर्नियरची टाच नक्षीच्या माथ्यावर सपाट टेकवायची आणि पट्टी खाचेच्या तळाला लागेपर्यंत सोडायची. टाच जराशी कलली तरी माप खोटं येतं. खाचेत ठरावीक अंतरावर रबराचे छोटे उंचवटे असतात, झीज दाखवणारे. त्यांची जागा साइडवॉलच्या वरच्या कडेला त्रिकोणाने किंवा टीडब्ल्यूआय अशा अक्षरांनी दाखवलेली असते. माप त्या उंचवट्यावर घ्यायचं नाही, दोन उंचवट्यांच्या मध्ये घ्यायचं. एका टायरवर बाहेरची कड, मध्य आणि आतली कड अशा तीन जागा, आणि चाक फिरवून आणखी एकदोन ठिकाणी तेच. आतल्या कडेला हात पोचवायला पुढची चाकं पूर्ण वळवावी लागतात, मागे आडवं पडावं लागतं. पण आतली कड सोडून घेतलेल्या मापाला काही किंमत नाही. उभ्याने दिसते ती फक्त बाहेरची बाजू.

वहीत चार चाकांचं चित्र काढून प्रत्येकाजवळ तीन आकडे, वर तारीख आणि किलोमीटर. दिवाळीला, ८१,२०० किलोमीटरवर, मागची जोडी कडांना ६.४ आणि मध्ये ६.२ मिलिमीटर होती. पुढची जोडी मध्ये ५.२. पण पुढच्या क्लीनर साइडच्या टायरची आतली कड ४.१ आली. ड्रायव्हर साइडचीही आतली कड थोडी कमी होती, पण एवढी नाही.

मागचे टायर मध्ये जास्त का झिजले, याचं उत्तर गाडीच्या फेरीतच होतं. भरलेल्या गाडीसाठी मागे पुढच्यापेक्षा बरीच जास्त हवा लागते. वाशीला माल उतरला की तीच हवा रिकाम्या गाडीला फार होते, टायर फुगतो आणि मधल्या पट्ट्यावरच चालतो. उलट भरल्या गाडीत हवा कमी असेल तर दोन्ही कडा झिजतात आणि टायर तापतो तो वेगळाच. ही दुसरी झीज जास्त वाईट, कारण टायर फुटण्याची सुरुवात तिथून होते.

पुढच्या आतल्या कडेचं प्रकरण जरा चाललं. वर्षअखेरपर्यंत साडेचार हजार किलोमीटर झाले. तेवढ्यात त्या टायरचा मध्य ०.४ ने उतरला आणि आतली कड ०.९ ने, म्हणजे दुपटीहून जास्त. अलाइनमेंट, म्हणजे चाकं सरळ रेषेत लावून घेण्याचं काम, करून घेतली, कागद मिळाला, सगळे आकडे हिरवे. पुढच्या अमावास्येला माप घेतलं तर आतली कड तशीच पळत होती. नक्षीवरून तळहात आडवा फिरवला की एका बाजूने गुळगुळीत आणि परत आणताना करवतीसारखं लागायचं. चाक सरळ न चालता किंचित तिरपं घासत जातंय, याची ही खूण.

आमच्या मिस्त्रींनी गाडी जॅकवर घेतली. चाक घड्याळातल्या नऊ आणि तीनच्या जागी धरून हलवलं तर टक् असा आवाज आला. मग बारा आणि सहाच्या जागी धरून हलवलं, तिथेही थोडी हालचाल होतीच.

"दादा, टायरॉड एंड गेलाय, बेअरिंगही ढिलं आहे. उभ्या गाडीवर अलाइनमेंट बरोबरच येणार. गाडी चालायला लागली की चाक परत आपल्या मनाने उघडतंय."

टायरॉड एंड, म्हणजे स्टिअरिंगची दांडी चाकाला जोडणारे सांधे, बदलले, बेअरिंग कसलं, त्यानंतर पुन्हा अलाइनमेंट केली. फेब्रुवारीअखेरच्या मापात आतली कड आणि मध्य सारख्याच गतीने उतरले होते. आधी चाकाचा प्ले, म्हणजे ढिलेपणा, तपासायचा आणि मगच अलाइनमेंटला पैसे द्यायचे, हा क्रम मी आता विचारणाऱ्या प्रत्येकाला सांगतो. सुट्या भागांचा खर्च एका टायरच्या किमतीपेक्षा बराच कमी होता आणि त्याने यापुढच्या प्रत्येक जोडीचं आयुष्य वाढलं.

फेब्रुवारीअखेर गाडी ९०,७०० ला होती. साडेनऊ हजार किलोमीटरमध्ये मागचे टायर मध्ये ६.२ वरून ५.१ वर आले, म्हणजे हजार किलोमीटरला साधारण ०.१२ मिलिमीटर. हा आकडा हातात आला तेव्हा वहीचा खरा उपयोग सुरू झाला, कारण आता पुढचं सांगता येत होतं.

कायदा काय म्हणतो ते आधी बघू. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधल्या नियम ९४ प्रमाणे चारचाकीच्या टायरची नक्षी १.६ मिलिमीटरच्या खाली जाता कामा नये. झीज दाखवणारे उंचवटे तेवढ्याच उंचीचे असतात. नक्षी त्यांच्या पातळीला आली की टायर संपला, मग पासिंगला गाडी नेण्यात अर्थ नाही. माझ्या दराने मागची जोडी सप्टेंबरअखेरपर्यंत या रेषेच्या वर राहणार होती. कायद्याने पाहिलं तर २०२५ चा पावसाळा जुन्या टायरांवर सहज निघाला असता.

पण माळशेजला जुलैत जो पाऊस असतो त्यात १.६ चा टायर म्हणजे गोटाच. नक्षीच्या खाचा पाणी बाहेर काढायला असतात. खाच उथळ झाली की रस्ता आणि रबर यांच्यामध्ये पाण्याचा थर राहतो आणि ब्रेक दाबल्यावर गाडी थांबायला जास्त रस्ता खाते. तीन मिलिमीटरच्या खाली हा फरक झपाट्याने वाढतो. आणि माळशेजला नुसता वरून पाऊस नसतो. धबधबे थेट रस्त्यावर पडतात, बोगद्याच्या अलीकडे-पलीकडे धुकं, त्यात पर्यटकांच्या गाड्या वळणावरच उभ्या. पुढचा माणूस अचानक थांबतो आणि आपल्यामागे पाठीवर हजारभर किलोहून जास्त माल ढकलत असतो. तिथे टायर कायद्यात बसतो की नाही हे विचारायला कोणी येत नाही.

म्हणून माझी रेष मी वेगळी आखली: सप्टेंबरअखेर पावसाळा संपताना गाडीच्या कुठल्याही टायरवर, त्याच्या सगळ्यात झिजलेल्या जागी, तीन मिलिमीटर शिल्लक पाहिजेत. तिथून मागे मोजत यायचं. पावसाळ्याचे नऊ-दहा हजार किलोमीटर, म्हणजे एक-सव्वा मिलिमीटर. म्हणजे मृगाला टायर चार-सव्वाचारच्या खाली नको. टायर कधी बदलायचा हे माझ्यासाठी पाऊस ठरवतो, आणि माझ्या मते घाटातून जाणाऱ्या प्रत्येकाने तसंच ठरवावं. गुळगुळीत दिसेपर्यंत थांबणारे ऐन जुलैत, मार्केट तेजीत असताना, मिळेल तो टायर सांगतील त्या भावाने घेतात. जुलै २०२३ मध्ये नारायणगावला टोमॅटोच्या क्रेटला दोन हजारांच्या वर भाव होता. तशा दिवसांत गाडी एक दिवस उभी करायचीही कोणाची तयारी नसते, मग टायर कोण बघणार?

या हिशेबात पुढची जोडी बसत नव्हती. आतल्या कडेने झिजलेला टायर मेपर्यंत दोनवर येणार होता. मागची जोडी मात्र जेमतेम बसत होती. चार टायर एकदम घ्यायची गरज नव्हती: दोन पावसाळ्याआधी, दोन दिवाळीनंतर. पैशांची सोय मी किलोमीटरवर केली. नव्या टायरची नक्षी ८.४ आणि माझी रेष तीनची, म्हणजे वापरायला ५.४ मिलिमीटर, म्हणजे साधारण ४५ हजार किलोमीटर. टायर सात हजारांच्या आसपास, चारांचे अठ्ठावीस. किलोमीटरला साठ-बासष्ट पैसे पडतात. वाशीची जाऊन-येऊन खेप तीनशे तीस किलोमीटरच्या घरात, म्हणून खेपेमागे दोनशे रुपये डिझेलच्या पैशांबरोबरच बाजूला निघायला लागले. भाडं सांगतानाही ते दोनशे धरूनच सांगतो. टायरचा खर्च वर्षातून एकदा येत असला तरी तो रोज होत असतो, आणि भाडं ठरवताना तो विसरणारी मंडळी शेवटी स्वतःच्याच खिशातून माल वाहतात.

उन्हाळ्याने हिशेब थोडा बिघडवला. मार्च ते मे हा दर हजारी ०.१२ चा ०.१४ झाला. तापलेला रस्ता, सीझनचा पूर्ण भार, मुरबाडच्या पुढे दुपारची गाडी. फेब्रुवारीच्या दराने मागची जोडी मे महिन्यात ४.२ यायला हवी होती, आली ४.०. तेव्हापासून अंदाज करताना त्याच ऋतूतला आधीचा दर धरतो, वर्षाची सरासरी धरत नाही. हवा मात्र दर आठवड्याला पहाटे, थंड टायरवर, स्वतःच्या गेजने. किती ठेवायची तो आकडा गाडीच्या पुस्तकात रिकाम्या आणि भरल्या गाडीसाठी वेगवेगळा दिलेला असतो. सकाळी साठ असलेली हवा दुपारी सहासष्ट-अडुसष्ट दाखवते, म्हणून ती उतरवायची नाही. टायर थंड झाला की ती साठवरच येते आणि उतरवलेली असेल तर रात्रीच्या लोडला कमी पडते.

नवे टायर जूनच्या पहिल्या आठवड्यात घ्यायचं मनात होतं, पण मेच्या मध्यापासूनच वळवाचे ढग रोज उठू लागले, म्हणून विसाव्या तारखेच्या आत उरकलं. बरं झालं. त्या वर्षी मान्सून २६ मेला मुंबईत पोचला. नेहमीची तारीख ११ जून. मृगावर भरवसा ठेवलेल्या कितीतरी गाड्या त्या आठवड्यात जुन्या टायरांवर घाटात होत्या. आता पावसाच्या तारखेला तीन आठवडे अलीकडेच धरायचे, हे वहीत लाल शाईने लिहिलं आहे.

दुकानात पहिल्यांदा जो टायर पुढे आला त्यावरचा आठवडा दोन वर्षांपूर्वीचा होता. मी शांतपणे दुसरा मागितला आणि त्याच वर्षाच्या नवव्या आठवड्याची जोडी मिळाली. नवा टायर घेताना हे चार आकडे वाचायला एक मिनिट लागतं. दोन वर्षं गोदामात पडलेला टायर लगेच फुटेल असं नाही, पण त्याच किमतीत त्याचं दोन वर्षांचं आयुष्य मी का सोडावं?

मग प्रश्न आला नवी जोडी कुठे लावायची. टायरवाल्या काकांचं मत ठाम होतं: "नवे पुढे लावा. पुढचा फुटला तर स्टिअरिंग हातात राहत नाही." आमच्याकडचे बहुतेक ड्रायव्हर हेच सांगतात आणि त्यात तथ्यही आहे. पण मी नवी जोडी मागे लावली. माझी गाडी अर्धा वेळ रिकामी असते, तेव्हा मागचा भाग हलका, पाटे कडक, आणि ओल्या वळणावर आधी सुटते ती शेपूट. पुढची चाकं घसरली तर ते स्टिअरिंगमध्ये जाणवतं आणि पाय ॲक्सिलरेटरवरून उचलता येतो. मागचं सुटलं तर सावरायला वेळच मिळत नाही. मात्र मागची जुनी जोडी पुढे आणताना ती चार मिलिमीटर होती, एकसारखी झिजलेली, भेगा नसलेली आणि दोन वर्षांच्या आतली होती. तशी नसती तर काकांचं ऐकलं असतं. म्हणजे खरं तर चारच टायर घेतले असते.

झिजलेला क्लीनर साइडचा टायर बाद झाला. त्याच्या जोडीचा साडेतीनचा टायर स्टेपनीला गेला आणि २०१६ ची स्टेपनी मी दुकानातच सोडून आलो. नवे टायर लावल्यावर पन्नास-शंभर किलोमीटरवर नट पुन्हा कसून घेतले आणि पहिल्या काही खेपा वळणावर जरा हात राखून चालवली, कारण नव्या रबराचा वरचा गुळगुळीत थर जायला वेळ लागतो.

पावसाळाभर मापं चालू राहिली. ओल्या रस्त्यावर झीज कमी होते, तसा दर ०.११ पर्यंत उतरला. सप्टेंबरअखेर पुढची जोडी बरोबर तीनवर आली. दिवाळीनंतर दोन टायर घ्यायचे हे फेब्रुवारीतच ठरलं होतं. मध्येच २२ सप्टेंबर २०२५ पासून टायरवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्के झाला. दुकानदार दहा टक्के उतरले म्हणतात, पण एकशे अठ्ठावीसचे एकशे अठरा होतात, म्हणजे आपल्याला पडणारी किंमत पावणेआठ टक्क्यांच्या आसपास कमी होते. बिलावर तेवढी उतरलेली आहे ना, हे पडताळून घेतलं.

आता नवी जोडी मागे आणि मेमधली जोडी, जी सातवर आहे, पुढे. तीनवर आलेले दोन टायर भावकीतल्या एकाने बैलगाडीला नेले. वहीप्रमाणे पुढची जोडी २०२६ च्या मेमध्ये ४.८ आणि सप्टेंबरअखेर ३.७ असेल, म्हणजे तो पावसाळा नवीन टायर न घेता निघायला हवा.

सध्या एक प्रयोग चालू आहे. मागच्या टायरची मधली झीज अजून मला खटकते. वाशीला माल उतरून गाडी तासन् तास उभी राहते, तेवढ्यात टायर थंड होतात. मग मागची हवा रिकाम्या गाडीच्या आकड्यावर आणतो आणि घरी आल्यावर कॉम्प्रेसरने पुन्हा भरतो. रिकामी गाडी घाटात कमी उडते, हे पहिल्या खेपेपासून जाणवतंय. मधल्या पट्ट्यावर किती फरक पडतो ते उन्हाळ्याच्या मापांत कळेल.